फायरप्लेसमधली शेगडी आणि तिची अर्धवट नळी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घाटमाथ्यावरच्या जुन्या बंगल्यांच्या डागडुजीवर आलेला सचित्र लेख वाचला. लेख चांगला आहे, पण त्यातल्या एका छायाचित्रामुळे हे पत्र लिहावे लागत आहे. जांभ्या दगडाच्या जुन्या फायरप्लेसमध्ये काचेच्या दाराची, लाकूड जाळायची काळी लोखंडी शेगडी ठेवली आहे. तिच्या डोक्यातून निघालेली सहा इंची नळी हातभर वर जाते आणि धुराड्याच्या अंधारात संपते. खाली ओळ आहे, ‘एका दिवसात बसणारी शेगडी’. एका दिवसात शेगडी जागेवर ठेवून होते. ती बसवायची तर धुराड्याच्या माथ्यापर्यंत चढावे लागते, आणि त्या कामाचा लेखात उल्लेखही नाही.

ठाणे-नवी मुंबईतल्या अनेक कुटुंबांची महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळा भागात दुसरी घरे आहेत. अशा घरासाठी शेगडी करून घ्यायची म्हटली की माणूस वागळे इस्टेट किंवा रबाळे-तुर्भ्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे वळतो, मोबाइलवरचे चित्र दाखवतो आणि डबा हुबेहूब बनवून घेतो. चित्रात डबा दिसतो, भिंतीमागची नळी दिसत नाही. म्हणून डबा देखणा होतो आणि नळीचा विचार राहून जातो.

जुने धुराडे उघड्या आगीसाठी बांधलेले असते. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडाबरोबर खोलीतली भरमसाट हवाही वर ओढली जाते, म्हणून पोकळी मोठी ठेवत. ब्रिटिश पद्धतीच्या बांधकामात ९ बाय ९ किंवा १४ बाय ९ इंचांची पोकळी नेहमीची. उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्के खोलीला मिळते, बाकीची आकाशाला. बंद शेगडीचे गणित उलटे: हवा मोजून आत जाते, उष्णतेपैकी ७० ते ८० टक्के खोलीत राहते आणि वर जाणारा धूर थोडा व तुलनेने थंड असतो. हा थोडासा धूर १४ बाय ९ च्या पोकळीत सोडला की काय होते ते पाहा. सहा इंची नळीचे क्षेत्रफळ २८ चौरस इंच, पोकळीचे १२६. म्हणजे जागा एकदम साडेचारपट होते आणि धुराचा वेग त्याच प्रमाणात पडतो. रेंगाळणारा धूर थंडगार दगडाला लागून गार होतो आणि धुराड्याची ओढ, म्हणजे गरम धूर वर खेचून नेण्याची ताकद, जाते.

ओढ म्हणजे काय ते ज्यांनी घरात तांब्याचा बंब पेटवला आहे त्यांना सांगायला नको. पहिली पाच मिनिटे धूर डोळ्यांत, आणि मधली नळी तापली की आग भुरभुर ओढू लागते. आकड्यांत सांगायचे तर पाच मीटर उंचीच्या धुराड्यात सरासरी तापमान २०० अंश आणि बाहेर २० अंश असेल तर समुद्रसपाटीला साधारण २२ पास्कल (पास्कल हे दाब मोजायचे एकक) ओढ मिळते. आतले सरासरी तापमान ८० अंशांवर आले की ती १० वर येते. बंद शेगड्यांना नीट जळायला साधारण १२ पास्कल लागतात. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवर आहे, तिथली हवा विरळ, त्यामुळे या आकड्यांतून आणखी सुमारे सातवा हिस्सा वजा करायचा. इतकी कमी ओढ असताना रात्री झोपण्यापूर्वी कोणी हवेची झडप बंद करत आणली, की अर्धवट जळालेला धूर खोलीत परततो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो.

दुसरा त्रास डांबराचा. लाकडाच्या धुरात पाण्याची वाफ आणि डांबरी तेले असतात. ती थंड भिंतीवर बसतात, आधी चिकट काजळी होते, मग काळी चकचकीत खपली. चुन्याच्या सांध्यांतून हे पाणी झिरपते आणि शयनगृहाच्या भिंतीवर तपकिरी डाग उमटतात. कितीही रंग मारा, ते पुन्हा वर येतात. एखाद्या दिवशी मोठी आग केली की हीच खपली आतल्या आत पेटते. धुराड्यातली आग हजार अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि शेजारून गेलेल्या सागवानी वाशाला ती पुरेशी असते.

म्हणून शेगडीच्या तोंडाच्या मापाची नळी खालपासून माथ्यापर्यंत अखंड नेणे, यालाच शेगडी बसवणे म्हणायचे. शेगडीचे तोंड सहा इंची तर नळी सहा इंची, पाच इंची तर पाच. मध्ये कुठेही लहान करायची नाही. उगाच मोठीही नको.

काम सुरू करण्यापूर्वी धुराडे आधी झाडून घ्यावे आणि नंतरच तपासावे, कारण काजळीखाली भेग दिसत नाही. दोरीला टॉर्च आणि व्हिडिओ चालू ठेवलेला मोबाइल बांधून वरून सोडला तरी बरेच कळते. तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, सुटलेला चुना आणि निखळलेले दगड. दुसरी, धुराड्यात घुसलेले किंवा त्याला टेकलेले लाकूड. कौलारू छपराची दुरुस्ती करताना सुतार नवा वासा धुराड्याच्या भिंतीत खोचून मोकळा होतो, हे अगदी नेहमीचे. लाकूड आणि धुराड्याची बाहेरची बाजू यांत दोन इंच मोकळी जागा हवी. तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची: पाठीला पाठ लावलेल्या दोन खोल्यांच्या दोन फायरप्लेस आणि बाहेरून दिसणारे एकच धुराडे. आत दोन वेगळ्या पोकळ्या असतात, पण त्यांच्यामधली पातळ आडभिंत शंभर वर्षांत ढासळलेली असू शकते. मग दिवाणखान्यातल्या शेगडीचा धूर पलीकडच्या खोलीत झोपलेल्या माणसाकडे जातो. खालून ओला पेंढा जाळून, माथा पोत्याने झाकून, घरातल्या प्रत्येक खोलीत एकेक माणूस उभा करावा. धूर कुठे फुटतो ते दहा मिनिटांत कळते. ही चाचणी दारे-खिडक्या उघड्या ठेवून करावी.

आता नळी कशाची? स्वयंपाकघरातल्या चिमणीला लावतात तो ॲल्युमिनियमचा लवचिक पाइप इथे मुळीच चालत नाही. तो तेलकट वाफेसाठी आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि तो पाइप तर कागदासारखा पातळ असतो. जी.आय. पत्र्याची नळीही नको. तिच्यावरचा जस्ताचा थर २०० अंशांच्या पुढे टिकत नाही, सुटू लागतो. ४२० अंशांना जस्त वितळते. ॲस्बेस्टॉस सिमेंटचे जुने पाइप तडकतात, आणि ते कापणे हाही वेगळा धोका. लाकडाच्या धुराला ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्टील हवे. परदेशात याची दुपदरी लवचिक नळी मिळते, आतून गुळगुळीत आणि बाहेरून वळ्यावळ्यांची. वाकड्या धुराड्याला तिच्याशिवाय इलाज नाही, मागवावी लागली तरी मागवावी. धुराडे ओळंब्यात सरळ असेल तर मात्र आपल्याकडच्या फॅब्रिकेटरकडून ३१६ च्या एक मिलिमीटर पत्र्याचे चार-चार फुटी तुकडे वळवून, उभा सांधा आर्गन वेल्डिंगने जोडून घेतले तर काम चोख होते.

पत्रा घेताना ‘एसएस आहे, चुंबक चिकटत नाही’ एवढ्यावर विश्वास ठेवू नये. स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, आणि ते ओळखणारे थेंब टाकून तपासायचे द्रव्य कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या व्यापाऱ्यांना चांगले माहीत असते. तपासणी समोर करून घ्यावी आणि बिलावर ग्रेड लिहून घ्यावी. २०२ ची नळी पहिल्या हिवाळ्यात नवीकोरी दिसते. पावसाळ्यात बंद घरात ओली काजळी तिला लागून राहते, आणि दोन-तीन वर्षांत चाळणी होते.

तुकडे जोडताना जवळजवळ प्रत्येक नवशिक्या चूक करतो. धूर खालून वर जातो, म्हणून खालचा तुकडा वरच्यात घुसवायचा, असे त्याला वाटते. नियम बरोबर उलटा आहे: वरच्या तुकड्याचे निमुळते टोक खालच्याच्या तोंडात बसले पाहिजे, अगदी पागोळ्यांच्या पाइपासारखे. कारण नळीत धूर वर जात असताना पाणी आणि डांबर खाली ओघळत असते. सांधा उलटा असला की ते बाहेर पडते, तापलेल्या नळीवर जळते आणि घरभर वास सुटतो. धूर सांध्यातून बाहेर येईल ही भीती नको. ओढ चांगली असेल तर सांध्यातून हवा आत जाते. प्रत्येक सांध्याला तीन स्टेनलेस स्क्रू किंवा रिव्हेट. रिव्हेटही स्टेनलेसचेच, ॲल्युमिनियमचे नाही.

नळी नेहमी वरून सोडतात. छपरावर दोन माणसे, खाली एक, नळीच्या खालच्या टोकाला निमुळती टोपी आणि तिला दोर. खालच्याने दोर हलकेच ओढायचा, वरच्यांनी वजन धरायचे. अडली तर फिरवायची, ठोकायची नाही. लवचिक नळीवर बाण छापलेला असतो, तो धुराच्या दिशेने म्हणजे वर हवा, कारण आतल्या पट्ट्यांचे पदर एकाच दिशेने बसवलेले असतात. कापलेली कड वस्तऱ्यासारखी असते, चामडी हातमोजे घालावेत. सहसा अडते ते फायरप्लेसच्या गळ्याशी. तिथे पूर्वीची लोखंडी झडप असते आणि मागे धूर वळवण्यासाठी केलेला दगडी कट्टा असतो. झडप कापून काढावी, कट्टा लागेल तेवढा छिन्नीने तासावा. नळी चेपून, अंडाकार करून घुसवायची सोय गवंड्याला हमखास सुचते, ती मान्य करू नये.

नळी माथ्यावर टांगायची आणि खाली सरकायला मोकळी ठेवायची. साडेचार मीटर स्टेनलेसची नळी २०० अंशांनी तापली की चौदा-पंधरा मिलिमीटर लांबते. म्हणून भोवती सिमेंट-वाळूचा माल ओतणे चूक. दोन हिवाळ्यांत एक तर सांधे उघडतात किंवा दगड तडकतो. भोवतालच्या पोकळीत सुटा, कोरडा परलाइट किंवा व्हर्मिक्युलाइट भरावा. ही तापवून फुगवलेली हलकी खनिजे असतात. पंधरा फूट उंच, १४ बाय ९ च्या धुराड्यात सहा इंची नळीभोवती दोनशे नव्वद लिटरच्या आसपास माल बसतो, म्हणजे शंभर लिटरची तीन पोती न्यावीत. भरण्याने धूर गरम राहतो आणि ओढ टिकते. आडभिंत फुटलेली असेल तर हा माल शेजारच्या फायरप्लेसमधून बाहेर सांडेल, तेव्हा आधीची तपासणी इथेही कामाला येते.

हे सगळे खालून तोलून धरते ती पत्र्याची पाटी. फायरप्लेसच्या गळ्याशी, शेगडीच्या डोक्यावर, आडवी बसवलेली चौदा गेजी लोखंडी पाटी. मधोमध नळीपुरते भोक, दोन अर्ध्या तुकड्यांत कापलेली म्हणजे नळीभोवती जोडता येते, खाली लोखंडी कोनांचा आधार, कडेला काचतंतूची दोरी आणि भट्टीचे सिमेंट. ही पाटी नसेल तर खोलीतली गरम हवा नळीच्या बाहेरून सरळ वर निघून जाते आणि लोक म्हणतात, शेगडी तापत नाही. जिप्समचा बोर्ड किंवा प्लायला सिमेंट फासून केलेली पाटी हा आत्मघात आहे. नळी अखंड नसेल, नुसती पाटीपाशी संपत असेल, तर पाटीच्या वर काजळीचा ढीग साठतो आणि तो झाडायलाही जागा नसते. नळीला शेगडीच्या वर झाडणीसाठी झाकणाचे तोंड ठेवावे, किंवा शेगडीच्या आतली वरची आडपाटी सहज निघते ना, हे विकत घेतानाच पाहावे.

माथ्यावर. शेगडीच्या डोक्यापासून नळीच्या टोकापर्यंत साडेचार मीटर, म्हणजे पंधरा फूट उंची हवी. बैठ्या बंगल्यात ती बऱ्याचदा भरत नाही. मग वर तीन-चार फूट दुपदरी, मध्ये सिरॅमिक वूल भरलेली नळी वाढवावी. छपराला जिथे छेद जातो तिथून किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे कौल किंवा कोना असेल त्याहून दोन फूट वर. याहून बुटके धुराडे वाऱ्यात उलटा धूर ओकते. टोपी पावसाची हवी, आणि महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो हे लक्षात ठेवून रुंद हवी. नळीच्या व्यासाच्या दुप्पट. टोपी आणि नळीचे तोंड यांत किमान तीन इंच अंतर. चारी बाजूंना जाळी, तिची भोके अर्ध्या इंचाहून लहान नकोत. बारीक जाळी काजळीने महिन्यात बुजते. टोपी नुसती खोचून ठेवू नये, पट्ट्याने आवळावी. घाटावरची माकडे हलणारी वस्तू सोडत नाहीत.

खालचा ओटा, म्हणजे शेगडीपुढची फरशी, याबद्दल थोडक्यात. दारापुढे किमान एक फूट आणि बाजूंना सहा इंच न जळणारी जमीन हवी. कडाप्पा किंवा कोटा चालतो. लाकडी तक्तपोशी असेल तर ती तेवढी काढावी. पाटीखालच्या उघड्या एकपदरी नळीपासून पडदा, लाकडी फळी, जुनी चौकट यांना अठरा इंच लांब ठेवावे. फायरप्लेसवरची सागवानी फळी बहुतेक ठिकाणी यात नापास होते. ती वर सरकवावी किंवा तिच्याखाली एक इंच पोकळी सोडून पत्र्याची ढाल लावावी.

शेगडीचा डबा इथे बनवून घेत असाल तर बाजूचा पत्रा दीड सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) घ्यावा, आत भट्टीच्या विटांचे अस्तर, आगीच्या वर धूर पुढून वळून जाईल अशी आडपाटी, आणि हवेच्या दोन स्वतंत्र वाटा: एक जाळीखालून, एक काचेवरून खाली उतरणारी. दुसऱ्या वाटेमुळे काच काळी होत नाही आणि वरचा धूरही जळतो. काचेत मोठी फसगत होते. टफन काच बाल्कनीसाठी ठीक. २५०-३०० अंशांना तिचे पाणी उतरते आणि कधीतरी ती फटकन चुरा होऊन खोलीत उडते. इथे सिरॅमिक काच लागते, ती ७०० अंश सोसते. ती चौकटीत आवळून बसवायची नाही, भोवती दोरी देऊन किंचित सैल ठेवायची. दोरी घेताना दुकानदार गाळ्यात पडलेली ॲस्बेस्टॉसची दोरी पुढे करील. काचतंतूची किंवा सिरॅमिकची मागावी. दार नीट बसते का, याला दहाची नोट पुरे. दारात धरून दार लावा, नोट सहज निसटली तर दोरी बदला.

आकाराचा मोह आवरावा. वीस बाय पंधरा फुटांच्या, बारा फूट उंच खोलीत शंभर घनमीटर हवा असते. महाबळेश्वरच्या थंडीला एवढ्या खोलीला चार-पाच किलोवॉटची शेगडी पुरते. दहा किलोवॉटची आणली की तास-दीड तासात घाम फुटतो, मग माणूस हवा बंद करतो, लाकूड जळण्याऐवजी धुमसते आणि सगळे डांबर नळीत जाते. पाच किलोवॉटची शेगडी भरज्वाळेत तासाला दीड-पावणेदोन किलो कोरडे लाकूड खाते. तेवढीच ऊब उघड्या फायरप्लेसने द्यायची तर आठ किलो लागेल.

हवा कुठून येते याचा विचार जुन्या घरात करावा लागत नसे. दारे-खिडक्या फटींनी भरलेल्या. आता त्याच बंगल्यांना रबरी पट्टीच्या यूपीव्हीसी सरकत्या खिडक्या बसतात आणि खोली डब्यासारखी बंद होते. शेगडीच्या खोलीत बाहेरच्या भिंतीला चार इंच व्यासाचे, कधीही बंद न होणारे जाळीचे भोक ठेवावे. डासांची बारीक जाळी तिथे नको. आणि स्वयंपाकघरातली तासाला हजार-बाराशे घनमीटर हवा खेचणारी चिमणी शेगडी पेटलेली असताना चालू केली, तर त्या चिमणीला लागणारी हवा ती धुराड्यातूनच उलटी ओढते. शेगडी उत्तम, नळी उत्तम, तरी धूर घरात, असे कोडे पडले की आधी हे बटण पाहावे. जाता जाता: ठाण्यातल्या बंद न्हाणीघरात धुराच्या नळीशिवाय टांगलेल्या गॅस गिझरचेही शास्त्र हेच आहे.

काम झाल्यावर भट्टीच्या सिमेंटला चोवीस तास द्यावेत. पहिल्या तीन आगी लहान, एकेक तासाच्या, खिडक्या उघड्या ठेवून. रंग भाजला जाताना वास येतो तो तेवढ्यापुरताच. नळी थंडगार असेल तर आधी रद्दीतले एक पान (आपल्या दैनिकाचे चालेल) पेटवून नळीच्या तोंडाशी धरावे, ओढ लागली की मगच लाकूड. आग चालू असताना उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून, दाराच्या कडेने फिरवावी. धूर फटीत ओढला जात असेल तर तिथे गळती आहे. खोलीकडे ढकलला जात असेल तर शेगडी विझवून ओढीचा दोष शोधावा. त्याच खोलीत, शेगडीपासून तीन ते नऊ फुटांवर, ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाची खूण असलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. धुराचा अलार्म हे काम करत नाही. नळीवर लावायचा थर्मामीटर मिळतो. काटा १२० ते २५० अंशांत राहिला की जळण बरोबर.

लाकडाविषयी एक गोष्ट ठाणेकरांना पटायला वेळ लागतो. इथे मार्च ते मेच्या उन्हात तीन-चार इंची फोडी सुरेख वाळतात. त्याच फोडी पावसाळाभर महाबळेश्वरच्या शेडमध्ये ठेवल्या तर दिवाळीला पुन्हा ओल्या निघतात, कारण सतत नव्वद टक्क्यांच्या वर असलेल्या दमट हवेत लाकूड हवेतूनच पाणी घेते आणि ओलावा वीस टक्क्यांच्या पुढे जातो. जळणासाठी वीसच्या आतले हवे. पिनांचा ओलावामापक फोडीच्या बाहेर टोचून उपयोग नाही, फोड मधून चिरून ताज्या बाजूवर टोचावा. बाभूळ आणि सुरू चांगले, निखारा टिकतो. आंबा भराभर संपतो. सोसायटीत फर्निचरचे काम निघाले की फुकट मिळणारे प्लाय, एमडीएफ, लॅमिनेटचे तुकडे आणि जुन्या रंगवलेल्या चौकटी शेगडीत घालू नयेत. त्यांतले गोंद आणि रंग विषारी धूर करतात. किनाऱ्यावर वाहून आलेल्या खारट लाकडातले क्लोराइड स्टेनलेसची नळी खाते. आवारातले वाळलेले झाडही परवानगीशिवाय तोडू नये. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. वखारीतून पावतीने घ्यावे. बंगला सरकारी भाडेपट्ट्यावरच्या जागेत असेल तर छपरावरची नळी वाढवण्यापूर्वी कागद तपासावेत.

झाडणी वर्षातून दोनदा, मे महिन्यात घर बंद करण्यापूर्वी आणि दिवाळीत उघडताना. मधेच काजळीचा थर एक सूत दिसला तर तेव्हाही. ब्रश नायलॉनचा, लोखंडी तारेचा नाही. तारेने स्टेनलेसवर ओरखडे पडतात आणि गंज तिथूनच धरतो. मेमधली झाडणी जास्त महत्त्वाची, ती लोक टाळतात. राख आणि काजळी तशीच ठेवली की पावसाळ्यात ती ओल ओढते आणि शेगडीचा तळ व नळीचा खालचा सांधा खाऊन टाकते. राख पूर्ण काढावी, झाकणाच्या लोखंडी डब्यात दोन दिवस बाहेर ठेवूनच फेकावी, आत कोरडा हात फिरवावा, दार बोटभर उघडे आणि हवेच्या झडपा उघड्या ठेवाव्यात. ऑक्टोबरात पेटवण्यापूर्वी टोपीत मधमाश्यांचे पोळे किंवा पाखराचे घरटे नाही ना, हे छपरावर चढून पाहावे. खालून टॉर्च मारून ते दिसत नाही.

येऊरच्या बंगल्यात अशी शेगडी बसवायची कोणाची हौस असेल तर नियम हेच आहेत, फक्त ती पेटवायच्या रात्री फार थोड्या मिळतील. घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा पाम बीचच्या इमारतीत स्वयंपाकघराचे जे डक्ट असते त्यात लाकडाचा धूर सोडता येत नाही. ते धुराडे नव्हे.

आपल्या छायाचित्रातल्या शेगडीची नळी पाटीच्या वर माथ्यापर्यंत अखंड गेली असल्यास तसा खुलासा छापावा. ती आतच संपत असल्यास, घरमालकांनी नोव्हेंबरपूर्वी माथ्यावरून खालपर्यंत अखंड नळी सोडून घ्यावी आणि तोवर ती शेगडी पेटवू नये, एवढे त्यांच्यापर्यंत पोहोचवावे ही विनंती.

आपला,
एक वाचक
नौपाडा, ठाणे (प.)